घरच्या घरी ॲनालॉग ड्रम मॉड्यूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली आणि निपाणी या भागांतून गेली काही वर्षे सातत्याने येत राहिलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकच शंका अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारली असेल, तर तिचे सर्वांत नेमके रूप घेतले आहे. उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲनालॉग ड्रम मॉड्यूल म्हणजे नेमके काय? आमच्या बँजो पार्टीत ऑक्टोपॅड आहे, मग हे वेगळे कशाला करायचे?

ऑक्टोपॅडमध्ये आवाज आधीच साठवलेले असतात आणि पॅडवर काठी पडली की त्यांतला एक वाजतो. ॲनालॉग मॉड्यूलमध्ये साठवलेला आवाज कोठेच नसतो. रेझिस्टर, कपॅसिटर आणि ऑप-अँप (विजेचा दाब वाढवणारी चिप) यांच्या छोट्या सर्किटला विजेचा क्षणभराचा धक्का दिला, की ते देवळातल्या घंटेसारखे घुमते आणि हळूहळू शांत होते. पहिला ठोका विरण्याआधी दुसरा आला, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात, त्यामुळे लागोपाठचे दोन ठोके कधीच अगदी सारखे नसतात. मिरवणुकीत वाजवायला ऑक्टोपॅडच सोयीचा आहे. आवाज मुळापासून स्वतः घडवायचा असेल, तरच हा मार्ग घ्यावा.

२. "जुनी सर्किटे" म्हणतात ती कोणत्या यंत्रांतली?

१९५९ साली वुर्लिट्झर कंपनीचे साइडमॅन हे तालयंत्र आले. त्यात मोटरवर फिरणारी चकती आणि व्हॅक्यूम ट्यूब होत्या. पुढे इकुतारो काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीने १९६७ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणारे ऱ्हिदम एस बाजारात आणले. याच काकेहाशी यांनी १९७२ मध्ये रोलँड कंपनी स्थापन केली आणि तिने १९८० मध्ये टीआर-८०८ काढले, जे १९८३ पर्यंतच तयार होत होते. त्यानंतरच्या टीआर-९०९ मध्ये हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि सिंबल (मोठी झांज) यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून साठवलेले आहेत, म्हणून आपल्या कामाला ८०८ आणि त्याआधीची यंत्रे अधिक उपयोगी पडतात. आपल्याकडे हे यंत्र फार लवकर पोचले होते. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ८०८च्या तालावर रागांचे ध्वनिमुद्रण केले होते.

३. माझे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्समधले नाही. कोणत्या मॉड्यूलपासून सुरुवात करू?

बास ड्रमपासून सुरुवात करावी. त्याला एक आयसी (चिप) आणि मोजके सुटे भाग पुरतात, तो ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पट्टीवर) एका संध्याकाळी वाजतो, आणि त्यात शिकलेले तेच तत्त्व टॉम, काँगा व स्नेअर या ड्रमांत पुन्हा वापरता येते. अनेक जण हाय-हॅटपासून सुरुवात करतात. त्यात भाग बरेच असतात, आणि कोठे चुकले हे नवख्या कानाला ओळखता येत नाही, म्हणून तो मोह टाळावा. पंचवीस वॅटचे सोल्डरिंग आयर्न, कंटिन्युइटीला (जोडणी अखंड असल्यास) बीप देणारा मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड आणि नंतर झिरो पीसीबी (सोल्डरिंगसाठी भोके असलेली कोरी पाटी) एवढ्या साहित्यावर वर्षभर काम होते.

४. बास ड्रमचे सर्किट चालते कसे, आणि त्यातल्या किमती कशा ठरवायच्या?

या सर्किटाला ब्रिज्ड-टी म्हणतात. ऑप-अँपच्या आउटपुटपासून इन्व्हर्टिंग (उणे) इनपुटपर्यंत १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडावा. त्याच दोन टोकांमध्ये १५ नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडावेत, आणि त्यांच्या मधल्या सांध्यापासून ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या सामाईक तारेला) ४७ किलोओहमचा रेझिस्टर द्यावा. नॉन-इन्व्हर्टिंग (अधिक) इनपुट तूर्त ग्राउंडला जोडावा. ट्रिगरचा, म्हणजे ठोका पाडणारा, धक्का १एन४१४८ डायोड आणि १०० किलोओहम यांच्यामार्फत त्याच मधल्या सांध्यावर द्यावा. धक्का संपला की डायोड मार्ग बंद करतो आणि सर्किट आपल्याच स्वरात घुमते.

स्वर काढण्याची रीत सोपी आहे. दोन्ही रेझिस्टरांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे, त्याला एका कपॅसिटरच्या किमतीने आणि ६.२८ने गुणावे, आणि आलेल्या संख्येने १ला भागावे. वरच्या किमतींत सुमारे ४९ हर्ट्झ येतात. घुमण्याचा दर्जा, म्हणजे क्यू, मोठ्या रेझिस्टरला लहानाने भागून आलेल्या संख्येच्या वर्गमूळाच्या निम्मा असतो. येथे तो २.३ आहे, आणि म्हणून हा ड्रम जेमतेम एक दशांश सेकंदात विरतो. पहिल्यांदा ऐकताना तो "ठप्" असा कोरडा वाटेल. त्यात चूक काही नाही, गणितच तसे आहे.

लांब घुमण्यासाठी ८०८मध्ये आउटपुटचा काही अंश पुन्हा सर्किटमध्ये सोडलेला आहे. मी त्याच कल्पनेची एक सोपी रीत वापरतो. नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट थेट ग्राउंडला न जोडता १ किलोओहममधून जोडावा, आणि आउटपुटपासून त्याच इनपुटला १२ किलोओहम व १०० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) एकापुढे एक असे द्यावेत. पॉट पूर्ण कमी केला, की क्यू साधारण वीसपर्यंत चढतो आणि ठोका जवळजवळ सेकंदभर घुमतो. या रीतीत पॉट फिरवताना स्वर हलत नाही, फक्त लांबी बदलते, म्हणून मला ती शिकवण्यासाठी विशेष आवडते. पॉट हळूहळू फिरवत "ठप्"चा "ढूम्" होताना एकदा ऐकावा. पुढची सगळी मॉड्यूल समजायला तेवढा अनुभव पुरेसा आहे. १२ किलोओहमच का, याचे उत्तर प्रश्न १५ मध्ये आहे.

५. जुन्या यंत्रांतले ट्रान्झिस्टर आणि आयसी आता मिळत नाहीत. काय वापरावे?

ऑप-अँपसाठी टीएल०७२ घ्यावा. एलएम३५८ किंवा ४५५८ही चालतो, पण त्यांचा इनपुट करंट १ मेगाओहममधून जाऊन आउटपुटवर काही मिलिव्होल्टचा स्थिर दाब तयार करतो. त्यासाठी आउटपुटला कपॅसिटर लावावा लागतो. ट्रान्झिस्टरसाठी बीसी५४७ पुरेसा आहे. परदेशी आराखड्यांत बहुधा २एन३९०४ दाखवलेला असतो आणि येथेच घोटाळा होतो. सपाट बाजू आपल्याकडे धरली असता बीसी५४७चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात, तर २एन३९०४चे बरोबर उलट.

८०८चा खरखरीत नॉइज एका निवडून काढलेल्या सदोष ट्रान्झिस्टरमधून येत असे, हे खरे आहे. पण त्याच्या नावाखाली जादा दराने विकले जाणारे भाग घेण्याचे कारण नाही. एका विक्रेत्याकडून मागवलेल्या जुन्या आयसींच्या पाकिटातली सगळी अक्षरे मी अंगठ्याने पुसून काढू शकलो, म्हणजे ती नव्याने छापलेली होती. त्या वेळच्या अभियंत्यांनी त्यांना सहज मिळणारे भाग वापरले, आपणही तेच करावे.

६. हे सगळे भाग कोल्हापुरात मिळतात का?

रेझिस्टर, बीसी५४७, सीडी४०१०६ (प्रश्न ९), ७८१२ (प्रश्न ७), झिरो पीसीबी आणि आयसी बेस (आयसी खोचायची बैठक) शहरातल्या दुकानांत मिळतात. टीएल०७२, चांगले पॉट आणि ३.५ मिलिमीटरचे पॅनेल जॅक यांसाठी पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला एकदा जाऊन वर्षाची खरेदी करावी. कपॅसिटर घेताना स्वर ठरवणाऱ्या जागी पॉलिएस्टरचेच घ्यावेत. १५ नॅनोफॅरडवर १५३ आणि १०० नॅनोफॅरडवर १०४ असा आकडा असतो.

७. अधिक-उणे १२ व्होल्टचा पुरवठा कसा तयार करावा?

१२-०-१२ चा ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोड, प्रत्येक बाजूला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यापुढे दाब स्थिर ठेवणारे ७८१२ व ७९१२ एवढे पुरते. कपॅसिटर ३५ व्होल्टचे घ्यावेत. ट्रान्सफॉर्मरवर बारा लिहिले असले, तरी डायोड आणि कपॅसिटर यांतून डीसी झाल्यावर सोळा-सतरा व्होल्ट होतात, आणि भार कमी व लाइनचा दाब जास्त असला की त्याहूनही वर जातात. २३० व्होल्टच्या बाजूला २५० मिलिअँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे आणि तो भाग पूर्ण झाकलेला असला पाहिजे.

सर्वांत जास्त भाग एका चुकीने जळतात. ७८१२चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे असतात, तर ७९१२चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. दोन्ही दिसायला अगदी सारखे असतात. माझ्या पहिल्या पुरवठ्यात मी दोन्ही एकाच पद्धतीने जोडले. स्विच दिला तेव्हा उणे बाजूचा कपॅसिटर फुगला आणि वरचे टोपण उडून माडीच्या तक्तपोशीला लागले. चेहरा त्यावर वाकलेला नव्हता, एवढेच. तेव्हापासून आयसी बेसमध्ये आयसी न बसवता आधी पुरवठा सुरू करायचा, आठव्या पायावर अधिक १२ आणि चौथ्यावर उणे १२ मोजायचे, आणि मगच आयसी बसवायचा, हा नियम मी मोडलेला नाही.

ज्यांनी २३० व्होल्टचे काम केलेले नाही, त्यांनी दोन स्वतंत्र १२ व्होल्ट डीसी एलिमिनेटर (अडॅप्टर) घ्यावेत आणि एकाचे अधिक टोक दुसऱ्याच्या उणे टोकाला जोडावे. हा सांधा म्हणजे ग्राउंड. दोन्ही एलिमिनेटर दोन पिनांचे, म्हणजे आउटपुट अर्थिंगला न जोडलेले असावेत. नुसत्या चाचणीसाठी नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्याही चालतात.

८. ट्रिगर कशाने द्यायचा? आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) चालेल का?

चालेल. धक्का साधारण १ मिलिसेकंदाचा असावा. ५ व्होल्टच्या धक्क्यावर प्रश्न ४ मधला ड्रम सुमारे ३ व्होल्टपर्यंत उसळतो, तर १२ व्होल्टच्या धक्क्यावर साडेसातपर्यंत. म्हणून आर्डुइनो आणि मॉड्यूल यांच्यामध्ये ट्रान्झिस्टर लावून धक्का १२ व्होल्टपर्यंत नेणे चांगले. धक्क्याचा दाब कमी-जास्त केला की ठोका हलका-भारी होतो. ८०८मधला ॲक्सेंट (निवडक ठोके जोरात वाजवणे) याच तत्त्वावर चालतो. काठीने वाजवायचे असेल, तर पिएझो चकती (धक्का बसला की वीज देणारी) वापरता येते. ती प्रश्न १० मध्ये आली आहे.

९. स्नेअर आणि हाय-हॅटचे सर्किट बास ड्रमहून कसे वेगळे आहे?

स्नेअरमध्ये दोन ब्रिज्ड-टी आणि त्यांच्यावर नॉइजची झाक असते. १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर घेऊन एका जागी ८२० व १० किलोओहम, दुसऱ्या जागी ४७० व ४.७ किलोओहम घेतले, की अनुक्रमे सुमारे १७६ आणि ३३९ हर्ट्झ मिळतात. नॉइजसाठी बीसी५४७चा बेस ग्राउंडला, एमिटर मोठ्या रेझिस्टरमधून अधिक १२ला जोडावा आणि कलेक्टर मोकळा सोडावा. उलट्या जोडलेल्या सांध्यातून मिळणारा खरखराट ऑप-अँपने वाढवावा. बॅटरीच्या ९ व्होल्टवर हा सांधा नीट फुटत नाही, म्हणजे उलट दिशेने पुरेशी वीज वाहत नाही. तेव्हा बेस उणे ९ला जोडून पूर्ण अठरा व्होल्ट द्यावेत. पाच-सहा ट्रान्झिस्टर बदलून पाहावेत, प्रत्येकाचा आवाज निराळा असतो.

हाय-हॅटचा धातूसारखा आवाज नॉइजचा नसतो. ८०८मध्ये एकमेकांशी न जुळणारे सहा चौकोनी तरंग एकत्र करून त्यांचा फक्त वरचा भाग घेतलेला आहे. त्यांतलेच सुमारे ५४० आणि ८०० हर्ट्झचे दोन तरंग काउबेलला (घंटेच्या आवाजाला) वापरले आहेत. सीडी४०१०६ या एका आयसीत सहा इन्व्हर्टर (दाब उलटवणारी छोटी सर्किटे) असतात, म्हणजे सहाही तरंग एकाच आयसीतून निघतात. त्याऐवजी ७४एचसी१४ लावू नये. त्याचे पाय जुळतात, पण तो ६ व्होल्टच्या वर टिकत नाही.

१०. हलगीचा आवाज काढता येईल का?

हा प्रश्न कोल्हापुरातूनच येतो आणि मला सर्वांत जवळचा आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांपुढे वाजणारी हलगी ज्यांनी जवळून ऐकली आहे, त्यांना ठाऊक आहे की तिच्यात दोन आवाज असतात. टिपरूचा भरीव ठोका आणि बारीक काडीची कडक चटक. मॉड्यूलही तसेच दोन भागांचे करावे. ठोक्यासाठी प्रश्न ९ मधल्या स्नेअरचे दोन ब्रिज्ड-टी घ्यावेत, मात्र लहान रेझिस्टरच्या जागी रेझिस्टर आणि पॉट लावून स्वर वर नेण्याची सोय ठेवावी. चटकेसाठी नॉइजचा अगदी आखूड, पाच-दहा मिलिसेकंदांचा तुकडा हाय-पास करून (फक्त वरचे स्वर ठेवून) मिसळावा. दोन्हींना वेगवेगळे ट्रिगर द्यावेत, कारण वादक टिपरू आणि काडी वेगवेगळी चालवतो.

एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हलगी शेकोटीवर शेकून घेतल्यावर ताणते आणि तिचा स्वर चढतो. गार होत गेली की उतरतो. त्यामुळे "हलगीचा स्वर किती हर्ट्झ" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि स्वराचा पॉट पॅनेलवरच असावा असा माझा आग्रह आहे.

खऱ्या हलगीवरून मॉड्यूल वाजवायचे असेल, तर कड्याच्या आतल्या बाजूला पिएझो चकती चिकटवावी. तिच्या दोन टोकांत १ मेगाओहम लावावा, दाब झेनर डायोडने आवरावा, आणि पुढे ५५५ आयसीचा मोनोस्टेबल (दर ठोक्याला १ मिलिसेकंदाचा एकच धक्का देणारे सर्किट) द्यावा. चकती थेट चामड्यावर चिकटवू नये. शेकताना ती सुटते आणि कातडेही खराब होते.

११. आवाजात सतत घरघर येते. दोष कोठे शोधायचा?

आधी घरघरीचा स्वर ओळखावा. १०० हर्ट्झची असेल, तर ती रेक्टिफायरमागची (पुरवठ्यातल्या चार डायोडांनंतरची) लहर आहे. कपॅसिटर कमी पडतो आहे किंवा ७८१२ला पुरेसा दाब मिळत नाही. ५० हर्ट्झची असेल, तर ट्रान्सफॉर्मर सर्किटच्या फार जवळ आहे किंवा मिक्सर आणि मॉड्यूल यांच्यात अर्थिंगचे दोन मार्ग तयार झाले आहेत. ५० हर्ट्झची घरघर बास ड्रमला विशेष त्रास देते. ४९ हर्ट्झवर जुळवलेला लांब ड्रम आणि ती घरघर मिळून सेकंदाला एक हेलकावा येतो, आणि ड्रमच बिघडला असे वाटते. अशा वेळी ड्रमचा स्वर थोडा हलवून पाहावा. हेलकाव्याचा वेग बदलला, तर दोष ड्रमचा नसून घरघरीचा आहे.

१२. उन्हाळ्यात जुळवलेला ड्रम जुलैमध्ये आखूड का वाजतो?

पावसाळ्यातल्या दमट हवेत झिरो पीसीबीवर राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगनंतर उरणारा चिकट थर) किंचित वीज वाहू लागतो. १ मेगाओहमच्या रेझिस्टरशेजारी १० मेगाओहमची गळती झाली, तर स्वर फक्त दोन-अडीच हर्ट्झने चढतो, पण प्रश्न ४ मधल्या मांडणीत पॉट पूर्ण कमी असताना घुमण्याचा काळ जवळजवळ निम्म्यावर येतो. सोल्डरिंग झाल्यावर पीसीबीची मागची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ करावी, वाळू द्यावी, आणि दोन-तीन दिवस वाजवून खात्री झाल्यावर त्यावर वार्निश मारावे.

१३. एकदाच ट्रिगर देऊनही ठोका दोनदा पडतो. असे का?

ट्रिगरऐवजी लांब गेट (बटण दाबून ठेवेपर्यंत टिकणारा दाब) दिला जात असेल आणि तो १० नॅनोफॅरड व १०० किलोओहमच्या जोडीने आखूड केलेला असेल, तर गेट सुरू होताना अधिक आणि संपताना उणे असे दोन धक्के तयार होतात. मध्ये १एन४१४८ नसेल, तर दुसराही धक्का सर्किटला हलवतो. दुसरा ठोका बटण सोडतानाच येतो का हे पाहावे. तसे असेल तर कारण हेच आहे. तो बटण दाबतानाच, पाठोपाठ येत असेल, तर बटणाचे संपर्क उसळत आहेत.

१४. पॅनेल आणि पेटी कोठे करून घ्यावी?

या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत. उद्यमनगरमध्ये दीड-दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून, भोके पाडून आणि पावडर कोटिंग करून मिळतो. मात्र नुसते तोंडी सांगू नये, पूर्ण मापाचे कागदी चित्र न्यावे आणि जॅकच्या भोकासाठी खरा जॅक बरोबर न्यावा. युरोरॅकच्या (मॉड्यूलर सिंथेसायझरच्या एका प्रचलित पद्धतीच्या) मापाने करायचे असेल, तर पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर असते आणि रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत मोजतात. त्या पद्धतीच्या वीजकेबलची लाल कड उणे १२ व्होल्टची असते, अधिकची नव्हे.

१५. सगळी जोडणी तपासली, दाब बरोबर आहेत, तरी बास ड्रम थांबतच नाही, सतत घुमत राहतो. काय चुकले?

बहुधा काहीच चुकलेले नाही. प्रश्न ४ मधल्या मांडणीत १ किलोओहमला पॉटच्या बाजूच्या एकूण रेझिस्टन्सने भागून आलेली संख्या ०.०९४ पर्यंत पोचली, की सर्किट स्वतःच वाजत राहते. ही मर्यादा ४७ किलोओहमच्या दुपटीला १ मेगाओहमने भागून मिळते. १२ किलोओहमला ती संख्या ०.०८३ येते, म्हणजे थोडी जागा शिल्लक राहते. पण पाच टक्के फरकाच्या रेझिस्टरांत १ किलोओहमचा थोडा जास्त, १२चा थोडा कमी, ४७चा थोडा कमी आणि १ मेगाओहमचा थोडा जास्त निघाला, तर ती जागा संपते. चारही भाग मल्टिमीटरने मोजून भागाकार करून पाहावा. १२च्या जागी १५ किलोओहम लावले, की घुमणे थांबते, मात्र सर्वांत लांब ठोकाही थोडा आखूड होतो. अगदी काठावरची लांबी हवी असेल, तर १० किलोओहमच्या पुढे ५ किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) लावावा, पॉट पूर्ण कमी करून ड्रम घुमत राहीपर्यंत प्रीसेट फिरवावा, आणि घुमणे जेमतेम थांबेल एवढाच मागे आणून सोडावा. हे काम कोरड्या हवेत केलेले बरे, कारण दमट हवेत जुळवलेला प्रीसेट ऑक्टोबरात पुन्हा घुमू लागतो.